चाळीसची रेघ

माझं फ्रेमचं दुकान आहे. लोक माझ्याकडे मुलांचे फोटो आणतात, भरतकाम आणतात, एकाने तर मेलेल्या कुत्र्याचा पट्टा आणला होता. माझी बायको आणते मानपत्रं. गिऱ्हाईक म्हणून तिच्याइतकं रटाळ दुसरं कुणी नाही. पहिलं मानपत्र तिने भाजीच्या पिशवीतून आणलं, वर कांदे. मी फ्रेम केली तर म्हणाली, "एवढं सोनेरी कशाला? लग्न आहे का कुणाचं?"

ती रक्तावर संशोधन करते. आमच्या बाहेरच्या खोलीत तिचे जेवढे सन्मान टांगले आहेत त्या सगळ्यांच्या चौकटी मी स्वतः कापल्या, घासल्या, चिकटवल्या. त्यामुळे तिची सगळी कारकीर्द मला लाकडाच्या पट्ट्यांवरून आठवते. काळी अरुंद पट्टी म्हणजे तिचा पहिला निबंध छापून आला ते साल. त्याच निबंधाबद्दल तिच्या साहेबांना पदक मिळालं ते तपकिरी पट्टीचं. त्या समारंभाच्या फोटोत साहेब मध्यभागी आहेत आणि ही कडेला, अर्धा चेहरा फुलदाणीमागे. फ्रेम करताना मी फुलदाणी माउंटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, दडपायला गेलो, पण फुलदाणीबरोबर साहेबही जायला लागले. म्हटलं, जाऊ देत. साहेब गेले. आता त्या फोटोत ती एकटी आहे आणि साहेबांचं एक कोपर.

पुढे सोन्याचं पदक आलं, परदेशी विद्यापीठांचे ते पायघोळ झगे आले, एका इस्पितळाच्या वॉर्डला तिचं नाव दिलं गेलं. आणि या वर्षी देशातला सगळ्यात मोठा वैद्यकीय सन्मान तिला जाहीर झाला. फोन आला तेव्हा ती मोज्यांची जोडी शोधत होती. "हो का? बरं. आभारी आहे," म्हणाली आणि परत मोजे शोधायला लागली. मी मात्र खुर्चीत बसलो आणि चक्क रडलो. ज्याची मी इतकी वर्षं वाट बघितली ते एकदाचं झालं होतं. तिने बघितली नसेल, मी बघितली होती.

त्यात माझाही वाटा होता म्हणा. वाटा म्हणजे अक्षरशः.

रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातला एक तिच्या अभ्यासाचा. तो कमी असला की जखमेचं रक्त थांबत नाही. पण किती कमी म्हणजे धोका, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सर्जन लोक अंदाजपंचे ऑपरेशन करायचे, नाहीतर घाबरून करायचेच नाहीत. आता कमी म्हणायचं तर आधी पुरेसं म्हणजे किती हे ठरवायला हवं. त्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त घेतात, त्याला शंभर मानतात आणि आजाऱ्यांचं त्याच्याशी ताडून बघतात. खरं तर पुष्कळ जणांचं एकत्र करून घ्यायचं असतं. पण तिच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक टेबल, एक गळका नळ आणि ती, एवढाच संसार होता. आणि मी होतो. नुकतं लग्न झालेला, सर्दीसुद्धा न होणारा, आणि बायकोने हात पुढे कर म्हटलं की कशाला हे न विचारता करणारा.

तर शंभर म्हणजे मी. माझी आई शेजारणींना सांगायची, "सुना नवऱ्याचं रक्त आटवतात म्हणे. आमची आटवत नाही हो, बाटलीत भरून नेते." ही त्यावर खो खो हसायची. मला स्वतःला त्याचा केवढा अभिमान होता! शाळेत मला कधी पस्तीसच्या वर गुण पडले नाहीत, आणि इथे सगळी आजारी दुनिया माझ्याशी ताडून बघितली जात होती.

ऑपरेशनमध्ये ज्यांचं रक्त थांबता थांबेना ते सगळे तिच्या मोजणीत चाळीसच्या खाली निघाले, ज्यांचं थांबलं ते वर. तिने चाळीसला रेघ मारली. रेघेखालच्या माणसाला ऑपरेशनआधी त्या घटकाची बाटली चढवायची, आणि एरवी त्याने जन्मभर जपून राहायचं. धारदार हत्यार नको, उंचावर चढणं नको, धसमुसळे खेळ नकोत. ही रेघ देशोदेशी गेली. इस्पितळांतून तिला "बाईंची रेघ" म्हणतात, आणि ती पाळली तिथे ऑपरेशनच्या टेबलावर रक्त वाहून माणूस गेल्याचं ऐकिवात नाही. सगळे सन्मान त्या रेघेचे.

काही वर्षांनी कारखान्यातून तयार नमुन्याच्या बाटल्या यायला लागल्या. वर छापलेलंच असे, शंभर. माझी नोकरी सुटली. मला जरा वाईट वाटलं होतं, पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्या बाटल्या आल्यानंतरची गोष्ट. माझ्या दुकानात एक सुतार होता. विशीतला, हाताला इतकी सफाई की त्याने जोडलेल्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख जायचं नाही. फ्रेमवर त्याचं मन रमत नसे. त्याला खुर्च्या करायच्या होत्या, कपाटं करायची होती, स्वतःची वखार टाकायची होती. एके दिवशी त्याच्या तळहातात पटाशी घुसली आणि रक्ताची धार लागली. मी त्याला तसाच उचलून इस्पितळात नेलं. टाके पडले, रक्त थांबलं, आणि हिने सहज म्हणून त्याचं रक्त तपासलं. एकतीस.

तिने त्याला समोर बसवून समजावलं. हत्यार सोड. त्याने सोडलं. मी त्याला गल्ल्यावर बसवला, आणि तेव्हापासून तो गिऱ्हाइकांशी बोलतो, मापं घेतो, बिलं लिहितो. सगळे त्याला अजून सुतारच म्हणतात, पण तीस-पस्तीस वर्षांत त्याने साधी पेन्सिलसुद्धा पात्याने तासलेली नाही. हिच्या प्रत्येक सन्मानाला तो पहिला हजर असतो. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, "आमच्या वहिनींनी वाचवलं मला. नाहीतर कधीच गेलो असतो." यंदाच्या समारंभाला आम्ही त्याला बरोबर नेणार होतो आणि त्याने कोट शिवायला टाकला होता.

आता माझ्या हर्नियाचं सांगतो. काचेचं खोकं उचलताना काहीतरी सटकलं आणि जांघेत गोळा आला. ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जन हिचाच जुना विद्यार्थी. त्याने नेहमीच्या तपासण्या केल्या आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, सरांचा तुमचा घटक पस्तीस आलाय."

ही हसली. "मशीन नीट लाव. तो शंभर आहे. विचार कुणालाही."

"दोनदा लावलं, मॅडम. दुसऱ्या लॅबमध्येही पाठवलं. पस्तीसच."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या बायकोच्या रेघेने माझं ऑपरेशन अडवलं?" मला हे फारच मजेशीर वाटलं. सर्जनही हसला. ती मात्र हसायची थांबली होती.

जेवताना ती मध्येच म्हणाली, "तुझी अक्कलदाढ काढली होती, तेव्हा किती वेळ रक्त आलं?"

"मला काय ठाऊक? घरी येऊन सफरचंद खाल्लं होतं. तूच ओरडली होतीस."

"आणि काचेने मनगट कापलं होतं ते?"

"फडकं बांधलं आणि काम केलं. तू आता माझी उलटतपासणी का घेते आहेस?"

तिने चमचा ताटात ठेवला. "तू कधी मोजलाच गेला नाहीस."

"शेकडो वेळा मोजलंस की!"

"तुझ्याशीच. तुला तुझ्याशीच ताडून बघितलं. मग शंभर येणारच."

मला काही कळेना. मग तिने मला माझ्या भाषेत सांगितलं. समज, तुझ्या दुकानातली फूटपट्टी आखूड आहे. आहे फुटाचा तिसरा हिस्सा, पण वर लिहिलंय एक फूट. त्या पट्टीने तू जगाला सांगितलंस की दार इतकं फूट उंच हवं. पुढे ती पट्टी मोडली आणि बाजारातून खरी आणलीस, पण दाराचा आकडा तोच ठेवलास. मग सगळी दारं गरजेपेक्षा कितीतरी उंच होणार. तिने रेघ ठरवली ती माझ्या रक्तावरून, आणि वापरली ती कारखान्याच्या नमुन्यावर. मी जर खरा पस्तीस असेन, तर तिची चाळीस म्हणजे खरी चौदा. चौदाच्या खाली धोका होताच. पण चौदा ते चाळीसमधल्या माणसांना काहीसुद्धा झालेलं नव्हतं. त्यांना उगाच घटकाच्या बाटल्या चढवल्या गेल्या, उगाच जन्मभर जपून राहायला सांगितलं गेलं. आणि बाटली चढवलेली असल्यामुळे कुणाला काही व्हायचंही नाही, मग चूक दिसणार कुठून? उलट रेघेचं कौतुकच वाढत गेलं.

"पण नवा नमुना आला की जुन्याशी ताडून बघायचा, हे तर तूच पोरांना शिकवतेस," मी म्हटलं. त्यावरून तिने किती जणांना फैलावर घेतलेलं मी ऐकलं होतं.

"बघितला नाही."

"का?"

"जुना म्हणजे तू होतास," ती म्हणाली. "तू कमी असशील असं मनातच आलं नाही माझ्या."

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने मला दिलेली ही सगळ्यात मोठी प्रेमाची कबुली असेल.

एका आकड्यावर विश्वास ठेवणारी ती नव्हे. तिने तिच्या पहिल्या रोग्यांपैकी जे हयात होते त्यांना शोधलं. दोघं सापडले. एक निवृत्त शिक्षिका आणि एक बसचालक, दोघंही त्या काळी ऑपरेशनच्या टेबलावरून कसेबसे वाचलेले. तेव्हा माझ्याशी ताडून ते तीसच्या आसपास होते. आता कारखान्याच्या नमुन्याशी ताडून दहाच्या आसपास निघाले. शंकेला जागा उरली नाही. प्रयोगशाळेतून ती घरी आली, पायातलं न काढता पलंगावर बसली आणि म्हणाली, "चौदाच."

सन्मान समितीचे अध्यक्ष फोनवर फार गोड बोलले. मी शेजारीच कान लावून बसलो होतो. ते म्हणाले, "बाई, हा सन्मान तुमच्या एकूण कार्याचा आहे. दुरुस्ती समारंभानंतर सावकाश छापा. शास्त्रात असं होतंच."

"माझं एकूण कार्य म्हणजे तोच आकडा आहे," ती म्हणाली आणि विचार करून कळवते असं सांगून फोन ठेवला.

"विचार कसला करायचाय?" मी म्हटलं. "ते स्वतः सांगताहेत ना, नंतर छापा म्हणून?"

"आधी घ्यायचं आणि मग सांगायचं, चुकलं म्हणून?"

"हो! काय बिघडलं? इतकी वर्षं थांबलीस, रेघही दोन आठवडे थांबेल. साहेबांनी तुझ्या कामावर पदक घेतलं तेव्हा त्यांना लाज नाही वाटली. त्या फुलदाणीमागे तू उभी होतीस आणि मी खाली टाळ्या वाजवत होतो. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. आता तुझी पाळी आली तर तू अशी!"

मी बरंच काही बोललो. आवाजही चढला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेबांनी जे घेतलं ते त्यांचं नव्हतं. हेही आता माझं नाही. मला एवढाच फरक कळतो." आणि उठून चहा ठेवायला गेली. मी तणतणत बसलो. माझं तिच्यावर प्रेम आहे, पण तिच्या या सरळपणाचा मला त्या दिवशी अक्षरशः संताप आला. आणखी खरं सांगायचं तर मला माझाही राग आला होता. सगळ्या देशात ती एकाच माणसाचं रक्त धरून बसली, आणि तो नेमका मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. एरवी ती फिरकत नाही, सरसाच्या वासाने तिचं डोकं दुखतं. सुतार लगबगीने उठला, स्टूल पुसून पुढे केलं.

"वहिनी, बघा तरी," तो म्हणाला, "कोटाची बटणं बदलून घेतली मी. आधीची फार चमकत होती."

ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने त्याला सगळं सांगितलं. कुठेही मोघम नाही, कुठे डोळ्यांत पाणी नाही. रोग्याला सांगतात तसं, एकेक वाक्य थांबून. मागे दोघं कारागीर पट्ट्या कापत होते. मी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.

"म्हणजे माझा आकडा चुकला होता?" त्याने विचारलं.

"तुझा आकडा बरोबर होता. माझी रेघ चुकली होती."

"पण पटाशी लागली तेव्हा किती रक्त गेलं, वहिनी. दादांचा शर्ट भिजला होता."

"खोल लागली होती. कुणाचंही गेलं असतं."

त्याने बिलाचं पुस्तक मिटून बाजूला सारलं. मग म्हणाला, "मग मी करवत धरली असती तर?"

"काही झालं नसतं. इतर सुतारांना होतं तेवढंच."

"मी सगळ्यांना सांगत आलो, तुम्ही मला वाचवलंत म्हणून," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "किती लोकांना सांगितलं असेन मी."

"माझं चुकलं," ती म्हणाली. "त्याची भरपाई मला करता येणार नाही."

त्याने खिशातून दुकानाच्या किल्ल्या काढल्या, गल्ल्यावर ठेवल्या, चपला घातल्या आणि तो निघून गेला. मी हाक मारली तर तिने माझा दंड धरला. "जाऊ दे त्याला. त्याच्या मागे धावायचा हक्क नाही आपल्याला."

तिथूनच, माझ्या दुकानातल्या फोनवरून, तिने अध्यक्षांना आपलं नाव मागे घेतल्याचं कळवलं. या वेळी मी तिला अडवलं नाही. सुताराचा चेहरा मीही बघितला होता. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. ज्यांना एरवी हिचं नाव धड घेता येत नसे ते लोकही सांत्वनाला आले, आणि काही जण तर इतके खुशीत होते की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

सुतार कामावर येईना. मी त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची बायको म्हणाली, झोपलेत. भर दुपारी कुणी झोपत नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

राहिलं होतं माझं ऑपरेशन. सर्जन म्हणाला, "मॅडम, दुरुस्ती तुमची आहे, मला पटलीही आहे. पण नव्या रेघेवर अजून कुणाचंच ऑपरेशन झालेलं नाही. मी सरांना बाटली चढवूनच करीन."

"चढव," ती ताबडतोब म्हणाली.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "तू स्वतःच मला बाटली चढवणार असशील तर तुझ्या चौदावर दुसरं कोण विश्वास ठेवेल?"

"ते इतरांच्या ऑपरेशनांवरून ठरेल. तुझ्यावरून नको."

"इतकी वर्षं सगळं माझ्यावरूनच ठरत होतं की."

"तेच तर चुकलं ना!" ती रस्त्यात ओरडली. मी तिला घराबाहेर ओरडताना पहिल्यांदाच बघत होतो. "आणि तू माझा नवरा आहेस. समजा, याही वेळी माझं काही सुटलेलं असलं तर?"

तिच्या डोळ्यांत भीती होती. दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल तिने छातीठोक आकडे सांगितले होते, आणि आता स्वतःच्या आकड्यापुढे तिची पाचावर धारण बसली होती. मला हसू आलं आणि तिची फार माया आली. मी म्हटलं, "सुताराला सांगून आलीस ना, काही झालं नसतं म्हणून? मग मलाही तसंच सांग. त्याला एक आणि मला एक, असं नको."

घरी पोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. संध्याकाळी सर्जनला फोन करून म्हणाली, "बाटली शेजारी टांगून ठेव. जोडू नकोस. लागली तरच."

तारीख मिळाली ती नेमकी समारंभाची. यात दैवाबिवाचा काही संबंध नाही. त्या दिवशी सगळे बडे सर्जन समारंभाला जाणार होते म्हणून ऑपरेशन थिएटर रिकामं होतं, इतकंच.

मी शुद्धीवर आलो तेव्हा दुपारचं ऊन भिंतीवर आलं होतं. खाटेशेजारच्या दांडीवर बाटली टांगलेली होती, बंद, सील न फोडलेली. ही स्टुलावर बसली होती. मी डोळे उघडलेले बघून तिने आधी माझी चादर उचलली आणि बँडेज बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आधी मी की आधी बँडेज?" मी विचारलं. जीभ जड झाली होती.

"गप्प पड."

त्यानंतर तिने दर थोड्या वेळाने चादर उचलून बघण्याचा सपाटा लावला. नर्स हसून निघून गेली. फोन वाजत होता, तिने तो उशीखाली सारला. मी म्हटलं, "आता तिकडे भाषणं चालू असतील." ती म्हणाली, "असतील." तिला खरंच फिकीर नव्हती. मला अजूनही थोडी होती, ते मी लपवत नाही.

तेवढ्यात दारात सुतार येऊन उभा राहिला. अंगावर नवा कोट होता. दाढी मात्र केलेली नव्हती. माझी चौकशी केली नाही. तिच्याकडे बघून म्हणाला, "सर्जनसाहेबांना विचारलं मी. म्हणाले, बाटली न देता केलं."

"हो."

"मला बघायचंय."

तिने उठून चादर बाजूला केली. माझी लाज कुणी विचारात घेतली नाही. सुतार वाकला आणि बँडेज बघत राहिला. पांढरं स्वच्छ बँडेज, मधोमध मसुरीच्या दाण्याएवढा एक तपकिरी ठिपका, तोही वाळलेला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"आणि यांचा पस्तीस. माझा एकतीस."

"हो."

त्याने चादर स्वतःच्या हाताने नीट सारखी केली, कोपरे गादीखाली दुमडले. मग सरळ उभा राहिला. "मी चांगला सुतार झालो असतो, वहिनी," तो म्हणाला.

"झाला असतास."

"खुर्च्या केल्या असत्या. फार चांगल्या केल्या असत्या."

"हो," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. दुकानात आवरलं होतं, फोनवर आवरलं होतं, ते सगळं तिथे आलं. ती उभ्यानेच हुंदके देत होती. मला उठता येईना, तिला जवळ घेता येईना. सुताराने तिला थोपटलं नाही की "असू द्या" म्हटलं नाही. त्याने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं, तिच्या स्टुलाशेजारी ठेवलं, आणि तो बसला. बऱ्याच वेळाने तीही बसली. मला पुन्हा गुंगी येत होती, पण ती दोघं तशीच एकमेकांशी न बोलता बसलेली मला दिसत होती. मी झोपेपर्यंत दोघांपैकी कुणीही उठलं नाही.